काचेआडची भट्टी

पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणण्याची रीत जुनी आहे. न्यू इंग्लिश स्कूल, फर्ग्युसन महाविद्यालय, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, भारत इतिहास संशोधक मंडळ ही नावे उच्चारली की त्या शहराची ओळख पटत असे. गेल्या दीड दशकात मात्र या शहराला एक नवे बिरुद लावण्यात आले आहे. ते लावणाऱ्यांना त्याचा अभिमान वाटतो आणि ऐकणाऱ्यांनाही त्यात वावगे वाटेनासे झाले आहे. ग्राहकाच्या डोळ्यांसमोर बिअर तयार करून ती तेथेच विकणाऱ्या मद्यगृहाला 'मायक्रोब्रुअरी' म्हणतात. भारतातील अशी पहिली मायक्रोब्रुअरी 2009 साली पुण्यात सुरू झाली. पुढे मुंढवा, कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेर, बालेवाडी या भागांत मद्यगृहांची गर्दी झाली आणि वृत्तपत्रांच्या रंगीत पुरवण्यांनी पुण्याला 'क्राफ्ट बिअरची राजधानी' म्हणून गौरविण्यास प्रारंभ केला.

शहरात दारू पूर्वी मिळत नव्हती, असे कोणी म्हणणार नाही. लष्कर भागात ती इंग्रजांच्या काळापासून आहे आणि पेठांच्या कडेला गुत्तेही होते. प्रश्न दारू असण्याचा नाही, तिला मिळालेल्या प्रतिष्ठेचा आहे. पूर्वी मद्यपान करणारा मनुष्य मान खाली घालून, ओळखीचे कोणी पाहत नाही ना याची खात्री करून गुत्त्यात शिरत असे. आज तोच मनुष्य पत्नीला, मुलांना, क्वचित आईवडिलांनाही सोबत घेऊन जातो, पेल्याचे छायाचित्र काढतो आणि ते शंभर जणांना पाठवितो. जी गोष्ट व्यसन म्हणून ओळखली जात होती, ती 'अभिरुची' या नावाने दिवाणखान्यात येऊन बसली आहे. हा बदल आपोआप झालेला नाही. तो योजनापूर्वक, भाषेच्या साहाय्याने घडविण्यात आला आहे.

नाव बदलले, वस्तू तीच

या मद्यगृहांची रचना पाहण्यासारखी असते. एका बाजूला काचेची भिंत, तिच्यामागे पोलादाची वा तांब्याची चकचकीत भांडी. सातूचे धान्य मोड आणून वाळवायचे, ते भरडून गरम पाण्यात भिजवायचे, त्या गोड पाण्यात हॉप्स नावाची फुले घालून ते उकळायचे, थंड करायचे, त्यात किण्व घालायचे आणि काही दिवस आंबू द्यायचे. साखरेचे मद्य होते, फेस येतो आणि पेला भरतो. या क्रियेला मराठीत एक जुना, सरळ शब्द आहे. जेथे दारू तयार होते तिला भट्टी म्हणतात. भट्टी काचेआड ठेवली, तिच्यावर दिवे सोडले आणि तेथे काम करणाऱ्याला 'ब्रूमास्टर' म्हटले, म्हणून ती पाकशाळा होत नाही.

याच राज्यात खेड्यातील वा झोपडपट्टीतील मनुष्य हातभट्टी लावताना सापडला तर पोलीस त्याची पिंपे फोडतात, रसायन ओतून देतात आणि त्याला कोठडीत टाकतात. ते योग्यच आहे. हातभट्टीच्या विषारी दारूने शेकडो संसार उद्ध्वस्त केले आहेत. जून 2015 मध्ये मुंबईतील मालवणी येथे शंभराहून अधिक माणसे अशा दारूने मेली, ही घटना विसरता येणार नाही. पण एका भट्टीला गुन्हा म्हणायचे आणि दुसऱ्या भट्टीला कला म्हणायचे, हा भेद केवळ स्वच्छतेचा व परवान्याचा आहे काय? त्यात वर्गभेद मुळीच नाही काय? मजूर पितो तेव्हा तो 'दारुडा' ठरतो आणि संगणक अभियंता पितो तेव्हा तो 'रसिक' ठरतो. मजुराच्या पत्नीचे अश्रू आणि अभियंत्याच्या पत्नीचे अश्रू मात्र सारखेच खारट असतात.

सौम्यतेचा दावाही तपासून पाहावा. बिअर म्हणजे काही दारू नव्हे, हे वाक्य आज सुशिक्षित घरांतून सर्रास ऐकू येते. साधा हिशेब करावा. पाच टक्के मद्यार्क असलेल्या अर्धा लिटर बिअरमध्ये पंचवीस मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. भारतात विकल्या जाणाऱ्या व्हिस्कीत 42.8 टक्के मद्यार्क असतो, म्हणजे साठ मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्येही तो जवळजवळ तितकाच भरतो. फरक पोटात जाणाऱ्या पाण्याचा आहे, विषाचा नाही. त्यातही या मद्यगृहांत मिळणाऱ्या अनेक प्रकारांत मद्यार्काचे प्रमाण सहा-सात टक्क्यांपर्यंत असते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये नि:संदिग्ध शब्दांत सांगितले की, मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला सुरक्षित नाही. कर्करोगाचे निश्चित कारण असलेल्या पदार्थांच्या यादीत मद्याचा समावेश 1988 पासून आहे. त्या यादीत 'हाताने तयार केलेल्या' बिअरसाठी अपवाद केलेला नाही.

'इंडिया' नावाची गोऱ्यांची बिअर

या व्यवसायाचा दुसरा दावा स्थानिकतेचा. परदेशी कंपन्यांच्या बाटलीबंद बिअरपेक्षा ही आपली, याच शहरातली, असे सांगितले जाते. या आपलेपणाची नावे तरी पाहावीत. तेथील फलकावर हमखास आढळणारा एक प्रकार म्हणजे 'इंडिया पेल एल'. नावात इंडिया आहे म्हणून एखाद्या भोळ्या तरुणाला तो स्वदेशी वाटेल. प्रत्यक्षात अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील भट्ट्यांतून ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या नोकरांसाठी व शिपायांसाठी जहाजांतून जी बिअर येई, तिच्यापासून हा प्रकार विकसित झाला. समुद्रप्रवासात टिकावी म्हणून तीत हॉप्स अधिक घालीत. या देशाचा तिच्याशी संबंध एवढाच की, तिचे पिणारे येथे राज्य करावयास आले होते.

2009 साली पुण्यात सुरू झालेल्या त्या पहिल्या मायक्रोब्रुअरीचे नाव तर याहून बोलके आहे. 'डूलाली' हा इंग्रजी बोलीतील शब्द नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेला आहे. मायदेशी परतण्यासाठी जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत महिनोन् महिने पडून राहणारे गोरे शिपाई भ्रमिष्टासारखे वागू लागत. त्यावरून डोके फिरलेल्या मनुष्याला त्यांच्या बोलीत 'डूलाली' म्हणू लागले. महाराष्ट्रातील एका गावाचे नाव साहेबाच्या तोंडी वेडेपणाचा पर्याय झाले आणि स्वतंत्र भारतात, पुण्यासारख्या शहरात ते दिमाखाने मद्यगृहावर झळकले. मनाची गुलामी ही अशी असते. ती लादावी लागत नाही, ती फॅशन म्हणून आनंदाने मिरविली जाते.

इंग्रजी राजवटीचे मद्यधोरण कसे होते, हेही या निमित्ताने आठवावे. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने स्थानिक मद्यनिर्मिती सरकारी नियंत्रणाखाली आणली गेली. 1892 च्या कायद्याने मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले आणि ज्या वनवासी कुटुंबांना ती फुले अन्न म्हणून लागत, तीही संशयित ठरली. गरिबाच्या दारातले बंद करायचे, मक्तेदाराचे दुकान मात्र भरभराटीला आणायचे आणि त्या उत्पन्नावर राज्य चालवायचे, अशी ती नीती होती. स्वातंत्र्य मिळून पाऊणशे वर्षे उलटली तरी तिचा वास शासनाच्या फायलींतून गेलेला नाही.

पाण्याचे स्थानिकत्व तर सोडूनच द्यावे. एक लिटर बिअरसाठी कित्येक लिटर पाणी लागते. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. त्याच दिवसांत मराठवाड्यातील मद्यकारखान्यांना पाणीपुरवठा चालू होता. त्यात मोठी कपात करण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला. माणसाच्या घशाला कोरड पडलेली असताना भट्टीला पाणी मिळावे, याची लाज न्यायालयाने सांगितल्यानंतर वाटावी काय?

पुण्याची खरी परंपरा

ज्या शहराच्या नावाने हा सोहळा चालला आहे, त्या शहराचा या विषयातील इतिहास फार वेगळा आहे. महात्मा जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. शहरात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हा 1880 साली त्यांनी नगरपालिकेकडे लेखी हरकत घेतली. या दुकानांमुळे गोरगरिबांचे संसार धुळीस मिळतात, हे त्यांनी ओळखले होते.

त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, 1908 च्या उन्हाळ्यात, लोकमान्य टिळकांनी याच शहरात मद्यपाननिषेधाची चळवळ उभी केली. स्वयंसेवक दारूच्या गुत्त्यांसमोर उभे राहत आणि येणाऱ्याला हात जोडून परत फिरण्याची विनंती करीत. सरकारने त्या स्वयंसेवकांवर खटले भरले. मनुष्याला दारूपासून परावृत्त करणे हा गुन्हा आणि त्याला दारू विकणे हा परवानाधारक व्यवसाय, हे त्या राजवटीचे न्यायशास्त्र होते. 24 जून 1908 रोजी टिळकांना अटक झाली आणि पुढे मंडालेची शिक्षा झाली. तुरुंगात जाण्यापूर्वीच्या त्यांच्या अखेरच्या सार्वजनिक कार्यांत या चळवळीचा समावेश होतो, हे आजच्या किती पुणेकरांना ठाऊक आहे? फुले आणि टिळक यांच्यात अनेक बाबतींत टोकाचे मतभेद होते. दारूच्या बाबतीत मात्र दोघांनी एकच बाजू घेतली होती.

ही परंपरा तेथे संपली नाही. 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी त्यास मोठा आर्थिक हातभार लावला. तेव्हापासून हजारो कुटुंबांनी तेथे आपली माणसे परत मिळविली. कालांतराने व्यसनाधीन स्त्रियांसाठी त्या संस्थेला 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग काढावा लागला. रंगीत पुरवण्यांत क्राफ्ट बिअरची परीक्षणे लिहिणाऱ्यांनी एक दिवस तेथे जाऊन बसावे. पहिला पेला कोठे घेतला, या प्रश्नाचे उत्तर त्यांना तेथे ऐकावयास मिळेल. ते उत्तर बहुधा 'गुत्त्यात' असे नसते. 'मित्रांबरोबर, सहज' असे असते.

पुणेकर खाण्याचा शौकीन नव्हता, असेही नाही. लक्ष्मी रस्त्यावरचे पूना गेस्ट हाऊस, बेडेकरांची मिसळ, सुजाताची मस्तानी, कयानी बेकरीची बिस्किटे, गल्लोगल्लीची अमृततुल्य आणि उडुपीकडून आलेल्या जगन्नाथ शेट्टी यांनी नावारूपास आणलेली फर्ग्युसन रस्त्यावरची 'वैशाली', या सर्वांनी शहराला चव दिली. तेथेही तासन् तास गप्पा रंगल्या, नाटके ठरली, विवाह जुळले, राजकारणे शिजली. त्यासाठी पेल्यात मद्यार्क असावा लागला नाही. मद्याशिवाय मोकळेपणा येत नाही असे सांगणाऱ्या पिढीने आपल्याच शहरातील ही उपाहारगृहे आठवावीत.

स्वातंत्र्य, शास्त्र आणि महसूल

या टीकेला तीन ठरावीक उत्तरे दिली जातात. पहिले व्यक्तिस्वातंत्र्याचे. प्रौढ मनुष्याने काय प्यावे हे इतरांनी का सांगावे, असा प्रश्न केला जातो. प्रश्न वरकरणी निरुत्तर करणारा आहे. पण माहिती तंत्रज्ञान कंपनीत नव्याने लागलेल्या, लातूर किंवा जळगावहून आलेल्या मुलाला विचारून पाहावे. शुक्रवारी संध्याकाळी सारा चमू मायक्रोब्रुअरीत जातो. नाही म्हणणारा 'मागासलेला' ठरतो, हास्याचा विषय होतो आणि पुढच्या वेळी त्याला बोलावलेच जात नाही. वरिष्ठांशी ओळख तेथे होते, बढतीची चर्चाही तेथेच होते. पिण्याचे स्वातंत्र्य मिळाले खरे, पण न पिण्याचे स्वातंत्र्य हिरावले गेले. हे कसले व्यक्तिस्वातंत्र्य?

दुसरे उत्तर शास्त्राचे. वेदांत सोम आहे, सुरा आहे, मग आताच सोवळे कशाला, असे म्हणणारे विद्वान निघतात. सुरेचे उल्लेख आहेत, हे कोणी नाकारीत नाही. पण परंपरा म्हणजे केवळ उल्लेख नव्हेत. समाजाने अनुभवातून काढलेला निष्कर्ष म्हणजे परंपरा. महाभारताच्या आदिपर्वात शुक्राचार्य मद्याच्या धुंदीत आपल्याच प्रिय शिष्याची, कचाची, राख प्राशन करतात आणि शुद्धीवर आल्यावर स्वत:च मद्यपानाला महापातक ठरवितात. ज्याने प्यायली त्यानेच निषेधाची मर्यादा घातली. मौसलपर्वात द्वारकेत मद्यनिर्मितीवर बंदी घातली जाते. तरीही प्रभासक्षेत्री यादव पिऊन उन्मत्त होतात आणि एकमेकांच्या हातून नष्ट होतात. भगवान श्रीकृष्णाचे कुळही ज्या व्यसनापुढे टिकले नाही, त्याच्याशी आजचा तीस वर्षांचा व्यवस्थापक 'मर्यादेत राहून' खेळू म्हणतो.

तिसरे उत्तर महसुलाचे, आणि ते शासनाचे आवडते आहे. ज्या राज्याच्या कायद्याचे नाव आजही दारूबंदी अधिनियम असे आहे, ज्या कायद्याप्रमाणे पिणाऱ्याला परवाना असावा लागतो, त्याच राज्यात तो कायदा राबविणाऱ्या खात्याचे नाव उत्पादन शुल्क विभाग आहे. दारू थांबविणे आणि दारूतून पैसा मिळविणे ही दोन्ही कामे एकाच खात्याकडे सोपविल्यावर कोणते काम नेटाने होईल, हे सांगण्यास ज्योतिषी नको. राज्यघटनेच्या 47 व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करण्याचे कर्तव्य राज्यावर टाकले आहे. पण सरकार कोणत्याही पक्षाचे असो, अर्थसंकल्प मांडताना ते या अनुच्छेदाकडे पाठ फिरविते. 2007 मध्ये धान्यापासून मद्य करणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन देण्यात आले. चंद्रपूर जिल्ह्यात स्त्रियांच्या दीर्घ लढ्यानंतर 2015 साली झालेली दारूबंदी 2021 साली उठविण्यात आली. जानेवारी 2022 मध्ये किराणा मालाच्या मोठ्या दुकानांतून वाइन विकण्याचा निर्णय झाला. लोकांनी कडाडून विरोध केला म्हणूनच तो बारगळला. जून 2025 मध्ये मद्यावरील शुल्क वाढविताना 14,000 कोटी रुपयांच्या अतिरिक्त महसुलाची अपेक्षा व्यक्त झाली. वाढीव शुल्कामुळे पिणे कमी व्हावे, ही अपेक्षा मात्र कोणी व्यक्त केली नाही, कारण पिणे कमी झाले तर हिशेब कोलमडेल.

या महसुलाच्या दुसऱ्या बाजूचा हिशेबही उपलब्ध आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे 16 कोटी लोक मद्यपान करतात आणि त्यांपैकी साडेपाच कोटींहून अधिक लोकांना त्या व्यसनाबाबत मदतीची गरज आहे. पिणाऱ्या दर तिघांपैकी एक! आपण तिसरे असणार नाही, असे पहिला पेला उचलणाऱ्या प्रत्येकाला वाटते.

तीनशे शब्दांचा निबंध

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. मोटार चालविणारा अल्पवयीन होता आणि तो त्यापूर्वी मद्यगृहांत मित्रांसह मद्य पीत होता, असे पोलिसांनी सांगितले. महाराष्ट्रात बिअर पिण्यासाठी एकवीस व अन्य मद्यासाठी पंचवीस वर्षांची अट आहे. त्या रात्री ती कोणीच पाहिली नाही. काही तासांतच त्याला जामीन मिळाला आणि अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालण्यात आली. पुढे ससून रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. देशभर संताप उसळल्यावर शहरातील बेकायदा मद्यगृहांवर हातोडा पडला. महिन्याभरातच फर्ग्युसन रस्त्यावरील एका बारमध्ये पहाटेपर्यंत चाललेल्या पार्टीतील अमली पदार्थांची चित्रफीत बाहेर आली. ज्या रस्त्यावर आगरकरांचे महाविद्यालय उभे आहे, त्याच रस्त्यावर!

त्या अपघाताचा दोष मायक्रोब्रुअरीवर टाकण्याचा येथे हेतू नाही. पण सतरा वर्षांच्या मुलाने परीक्षेनंतरचा आनंद मद्यगृहात साजरा करावा, हे त्याला, त्याच्या मित्रांना आणि घरातल्या मोठ्यांना स्वाभाविक वाटले, ते का, हा खरा प्रश्न आहे. ज्या घरात रविवारच्या भोजनात बिअर आली, ज्या पुरवणीत तिचे कौतुक छापले गेले, ज्या मेजवानीत तिला संस्कृती म्हटले गेले, तेथे ते स्वाभाविक वाटू लागले. दोन घरांतील तरुण मुलांनी त्याची किंमत मोजली.

करावयाचे काय?

केवळ शासनावर खापर फोडून हा प्रश्न सुटणार नाही. खेड्यापाड्यांतील अल्पशिक्षित स्त्रियांनी मतदानाच्या मार्गाने 'आडवी बाटली' करून महाराष्ट्रात कित्येक गावांतील दुकाने बंद पाडली. गुंडांच्या धमक्या त्यांनी सोसल्या, नवऱ्यांचा मारही सोसला. पदवीधरांच्या वसाहतींनी त्यांच्यापासून काही शिकावे. नव्या मद्यदुकानांसाठी गृहनिर्माण संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक करण्याची घोषणा मार्च 2025 मध्ये विधानसभेत झाली. या अधिकाराचा उपयोग सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभांनी जागरूकपणे करावा. शाळा-महाविद्यालयांच्या परिसरातील मद्यगृहांत वयाची तपासणी होते की नाही, हे नागरिकांनी मागत राहावे. कार्यालयांतील वरिष्ठांनी आपल्या चमूचे स्नेहभोजन मद्यगृहात ठेवू नये. नवख्या मुलाच्या 'नाही'ला प्रतिष्ठा मिळवून देणे त्यांच्याच हाती आहे. गणेशोत्सव मंडळांनी मद्यविक्रेत्यांच्या देणग्या व जाहिराती स्पष्टपणे नाकाराव्यात. ज्या लोकमान्यांनी हा उत्सव सार्वजनिक केला, त्यांनीच गुत्त्यांसमोर स्वयंसेवक उभे केले होते.

आणि सर्वांत महत्त्वाचे काम घरात आहे. मुंज, विवाह, साठीशांत, नोकरी लागल्याचा आनंद या प्रसंगी 'थोडीशी चालते' असे म्हणून जो पहिला अपवाद केला जातो, तो तेथेच थांबवावा लागेल. ते काम पोलिसांचे नाही, मंत्र्यांचे नाही. ते घरातल्या कर्त्या माणसाचे आहे. मुलाने पहिला पेला वडिलांच्या हातात पाहिला असेल, तर उद्या त्याला अडविण्याचा अधिकार त्या वडिलांना कोणत्या तोंडाने मागता येईल?